सुताराला मोकळीक द्या

वीसेक जुने खण. कुठल्या कपाटाचे, कुठल्या टेबलाचे, कुठल्या फडताळाचे. आकार वेगळे, रंग वेगळे, मुठीसुद्धा वेगळ्या. तेजो रेमी या डच डिझायनरने १९९१मध्ये असे टाकून दिलेले खण गोळा केले, प्रत्येकाला मापात बसणारी मेपल लाकडाची नवी पेटी करून दिली, पेट्या एकमेकींवर वाकड्यातिकड्या रचल्या आणि सगळा ढीग तागाच्या पट्ट्याने करकचून आवळला. झालं खणांचं कपाट! न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आज ते आहे आणि तो मान त्याला मिळायलाच हवा होता.

हे कपाट पाहताक्षणी हसू येतं. जवळ जाऊन पाहिलं की त्यातलं सुतारकाम दिसू लागतं. बाहेरून पसारा वाटतो, पण प्रत्येक खणाला स्वतःची पेटी असल्यामुळे तो आपापल्या खाचेत नीट सरकतो. गिटारच्या आकाराचं घड्याळ आठ दिवसांत डोळ्यांना खुपायला लागतं, कारण त्या आकाराचा वेळ दाखवण्याशी काही संबंध नसतो. रेमीच्या कपाटातली गंमत मात्र बांधणीतच आहे. ती काढली तर कपाटच उरत नाही. खेळकर फर्निचर जोखायची माझी कसोटी हीच.

रेमीचं काम जगापुढे आणलं ते ‘द्रोख’ या डच मंडळाने. रेनी रामाकर्स आणि खेइस बाकर यांनी १९९३मध्ये ते सुरू केलं. मार्सेल वांडर्सची १९९६ची दोरीची खुर्ची याच वर्तुळातली. कार्बनचा गाभा असलेल्या अरामिड धाग्याची दोरी घ्यायची, मॅक्रमेच्या गाठी मारत खुर्चीच्या आकाराची लुळी जाळी विणायची, ती इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवायची आणि चौकटीला टांगून वाळू द्यायची. ओल्या जाळीला तिच्याच वजनाने जो झोल पडतो, तोच बैठकीचा आकार. वाळल्यावर ती दोरी माणसाचा भार पेलण्याइतकी कडक होते. आपल्याकडे ज्या मॅक्रमेची कुंड्या टांगायची शिंकाळी होत असत, त्याच गाठींची ही खुर्ची! हातकाम जुनं, रसायन नवं. दोन्हींवर सारखाच विश्वास असल्याशिवाय हे सुचत नाही.

ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या काम्पाना बंधूंना सुचलं ते शहराकडे बघून. उंबेर्तो शिकले कायदा, फेर्नांदो वास्तुकला. त्यांची १९९१ची ‘फावेला’ खुर्ची म्हणजे लाकडाच्या लहानमोठ्या पट्ट्या खिळे आणि गोंद वापरून एकीवर एक जोडत नेलेली बैठक. साओ पावलोच्या झोपडवस्तीतली घरं मिळेल त्या फळीने वाढत जातात, तशीच ही खुर्ची वाढते. पट्ट्या हातानेच लावायच्या असल्यामुळे एक खुर्ची दुसरीसारखी होत नाही. इटलीतल्या एड्रा कंपनीने २००३मध्ये ती उत्पादनात आणली.

इथे आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. गरिबाच्या भिंतीवरून सुचलेली खुर्ची श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाऊन बसली, तर त्या गरिबाला काय मिळालं? असं फर्निचर बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचं असतं, हे खरंच आहे. तरीही कल्पकता ही पैसेवाल्यांचीच चैन, असा निष्कर्ष मी काढणार नाही. एन्झो मारी या इटालियन डिझायनरने १९७४मध्येच त्याला उत्तर दिलं होतं. साध्या फळ्या, खिळे आणि हातोडी एवढ्यावर होणाऱ्या टेबल, खुर्च्या, पलंग, कपाटं अशा १९ वस्तूंचे आराखडे त्यांनी तयार केले आणि टपालखर्च पाठवील त्याला ते देऊ केले. स्वतः ठोकून बघा, म्हणजे चांगली वस्तू कशी उभी राहते ते हाताला कळेल, हा त्यांचा आग्रह होता. मारींच्या फळ्या आणि रेमीचे खण, दोन्हीकडे सामान स्वस्तच आहे. मोल आहे ते विचाराचं.

हे मी मराठी वाचकाला आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे घरी येऊन काम करणारा सुतार अजून आहे. मध्यमवर्गीय घरातसुद्धा महिना-दीड महिना हॉलमध्ये भुसा उडतो आणि त्या घराच्या मापाने पलंग, कपाटं, माळे तयार होतात. कोपरा न् कोपरा वेगळा घडवू शकणारा कारागीर समोर उभा असतो, आणि आपण त्याला मोबाइलवरचा फोटो दाखवतो. मग चार घरांत तोच अक्रोडी रंगाचा सनमायका, तेच टीव्ही युनिट, तीच मागची दिव्यांची पट्टी. एवढ्या कसबी हातांकडून नुसती नक्कल करून घेणं मला फार वाईट वाटतं.

दोष सुताराचा नाही. आपण त्याला फुटावर मजुरी देतो. फुटाच्या दरात भरभर, सारखं आणि सपाट काम परवडतं. थांबून विचार करणं परवडत नाही. म्हणून माझी सूचना सोपी आहे. संपूर्ण घराचं काम खुशाल फुटावर द्या, पण एक वस्तू त्यातून बाजूला काढा. वाडा पाडताना निघालेलं सागवान असेल, आजीच्या कपाटाचं दार असेल, एकमेकांशी न जुळणारे चार खण असतील. ते त्याच्यापुढे ठेवा, वस्तू कशासाठी हवी ते सांगा, ती भक्कम हवी हेही सांगा, आणि फोटो दाखवू नका. त्या वस्तूसाठी त्याला रोजावर पैसे द्या आणि तो नुसता बसून आराखडा काढेल त्या दिवसाचाही रोज त्यात धरा. कल्पक फर्निचर आपल्याकडे व्हावं असं खरोखर वाटत असेल, तर त्या एका दिवसाच्या मजुरीवर घासाघीस करू नका.