प्रयोगशाळा जवळ हवी की दूर?

रोगनिदानाचा मोठा भार प्रयोगशाळा वाहते; परंतु रुग्णाला ती क्वचितच दिसते. त्यामुळे काटकसरीचा विचार निघाला, की दृष्टी प्रथम तिच्याकडेच वळते.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत लॉर्ड कार्टर यांनी २००६ व २००८ च्या अहवालांत विखुरलेल्या प्रयोगशाळा एकत्र जोडण्याची शिफारस केली. पुढे २०१७ मध्ये इंग्लंडसाठी २९ प्रयोगशाळा-गटांची योजना मांडली गेली. तत्त्व योग्यच आहे. महागडी यंत्रे व मोजके तज्ज्ञ प्रत्येक गावी पुरविता येत नाहीत.

तथापि अंतराची किंमत रुग्ण मोजतो. थंडीच्या दिवसांत रक्ताचा नमुना दूरच्या केंद्रात उशिरा पोचला, की पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आकडा खोटाच वाढतो. अशाच एका अहवालामुळे वृद्ध रुग्णाला मला मध्यरात्री रुग्णालयात धाडावे लागले. फेरतपासणीत सारे ठीक निघाले. जून २०२४ मध्ये तर लंडनमधील सामायिक प्रयोगशाळा-सेवेवर सायबर हल्ला झाला, रक्तगट जुळविण्याचे काम मंदावले आणि ‘ओ’ गटाच्या रक्तदात्यांना आवाहन करावे लागले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे : विशेष तपासण्या खुशाल केंद्रात न्याव्यात, पण तातडीच्या तपासण्या व रक्तपेढी रुग्णालयातच राहावी. नमुना दवाखान्यातच सेंट्रिफ्यूज करण्याची सोय असावी आणि संगणक बंद पडल्यास हाताने काम चालविण्याचा सराव व्हावा. बचतीचा हिशेब तपासण्यांच्या संख्येवर नव्हे, वेळेवर झालेल्या अचूक निदानावर मांडला पाहिजे.