आधी अंडं काढा, मग मेरिट विचारा

‘तुमच्यात मेरिट कुठंय?’ हे कॉलेजात आपण सगळ्यांनीच ऐकलंय. मी उलट विचारतो, ताटात प्रथिनं कुठं होती?

मेंदूतले निरोप नेणारी कित्येक रसायनं प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपासून बनतात. सेरोटोनिन ट्रिप्टोफॅनपासून, डोपामिन टायरोसिनपासून. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ दरम्यान काही खेड्यांतल्या मुलांना प्रथिनयुक्त पेय दिलं, काहींत बिनप्रथिनांचं. पहिल्या दोन वर्षांत प्रथिनं मिळालेली मुलं मोठेपणी वाचनाच्या चाचणीत पुढे निघाली. त्या पेयात उष्मांकही जास्त होते, हे मान्य. पण ते तरी आपल्याला कुठं पोटभर मिळाले?

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. एक! न खाणाऱ्याला केळं होतंच, तरी काहींच्या भावना दुखावल्या. जानेवारी २०२५ मध्ये निधी बंद. हवं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. आमच्या वस्तीत वर्गणी कोण देणार? तिकडे तामिळनाडूत शाळेच्या दिवशी रोज अंडं मिळतं.

‘डाळीत प्रथिनं नसतात का?’ असतात की. मी राहिलो त्या वसतिगृहात वरणात डाळ शोधावी लागायची.

आमची पोरं जन्मानं कमी नाहीत. मेंदू सर्वांत झपाट्यानं वाढतो तो गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत. शाळेतलं अंडंही तसं उशिराचंच. म्हणून नुसता शाळेचा निधी परत मागून भागणार नाही. मजुरीला जाणाऱ्या गरोदर बाईच्या आणि अंगणवाडीतल्या पोराच्या ताटात रोज अंडं हवं, सरकारी खर्चानं.