सातच्या लेक्चरचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. कोणते कॉलेज, कोणता विषय, पुढे नोकरी कुठे? लेक्चर किती वाजता, हे कोणी विचारत नाही. प्रवेश झाल्यावर वेळापत्रक हाती पडते आणि पहिले लेक्चर सकाळी सातचे आहे, हे तेव्हा कळते.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे विषयांची निवडही वाढली आहे. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक घ्यावे लागतात. मेजरच्या जोडीला ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली असा गोतावळा असतो. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३०. त्यामुळे २२ पैकी ६ श्रेयांक प्रात्यक्षिकाचे असले, तर १५ आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला २८ तास वर्गात जातात. त्यात ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचा घ्यायचा. त्यासाठी सगळ्या शाखांची मुले एकाच वेळी मोकळी हवीत. अशी वेळ बहुधा दिवसाच्या टोकालाच सापडते, म्हणजे अगदी पहाटे किंवा अगदी शेवटी.

अठरा वर्षांच्या शरीराला हे पहाटेचे टोक सोसत नाही. पौगंडावस्थेत झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे दहाला अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. जर्मनीतील टिल रोएनेबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले, की झोपेचे हे घड्याळ विशीच्या आसपास सर्वांत उशिराचे असते आणि मग हळूहळू पुन्हा अलीकडे सरकते. घरचे मोबाइलला दोष देतात. तो खोटा नाही, पण अमेरिकेतील मेरी कार्स्काडन यांनी पौगंडावस्थेतील झोपेचा हा बदल नोंदवला, तेव्हा स्मार्टफोन नव्हते.

बदलापूरहून दक्षिण मुंबईत सातला पोहोचायचे तर साडेचारच्या सुमारास उठावे लागते. साडेअकराला झोप लागली असेल, तर मिळाले पाच तास. या वयाला किमान सात लागतात. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वेळापत्रक निवडता येत नाही, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून दिले जाते. त्यामुळे तेथील २०११चा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. ज्यांचा पहिला तास आठच्या आधी होता, ते त्या तासाच्या विषयातच नव्हे, तर त्या दिवशीच्या सगळ्याच विषयांत मागे पडले. म्हणजे सातच्या एका लेक्चरची किंमत अकराचे लेक्चरही मोजते.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. कारण दिले होते अपुऱ्या झोपेचे. निर्णय चांगलाच. पण आठ वर्षांचे मूल निदान रात्री लवकर झोपी जाते, अठराव्या वर्षी ते जमत नाही. त्या वयाबद्दल मात्र कोणताही आदेश नाही.

महाविद्यालयांची अडचण खरी आहे. एकाच इमारतीत सकाळी एक शाखा, दुपारी दुसरी, शिवाय अकरावी-बारावी. वर्ग आणायचे कुठून? आणि दुपारी दुकानात किंवा कार्यालयात काम करून फी भरणाऱ्या मुलांना सकाळचेच कॉलेज हवे असते. त्यांच्यासाठी सातची वेळ ही सोय आहे, ती सरसकट बंद करणे अन्यायाचे होईल. पण त्यांच्या सोयीच्या नावाखाली सगळ्यांनाच सातला बोलावण्याचे कारण नाही. निदान गणित, अकाउंट्स यांसारखे डोके लागणारे विषय नऊनंतर ठेवता येतील. एखादा ओपन इलेक्टिव्ह दोन वेळांना चालवता येईल. विषयांची यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवताना प्रत्येक विषयासमोर तासाची वेळही छापता येईल. आज मुले विषय निवडतात ते नाव पाहून, नाहीतर सोपे गुण मिळतात या ऐकीव माहितीवर. मग पहाटेचा तास बुडतो आणि ७५ टक्के हजेरीचा प्रश्न उभा राहतो.

तोवर प्रवेशाआधी गेल्या वर्षीचे वेळापत्रक मागून घ्यावे. दोन कॉलेजांत विषय तेच असतील, तर घरापासूनचा प्रवास आणि पहिल्या लेक्चरची वेळ एकत्र मोजून कोणते घ्यायचे ते ठरवावे. ज्या दिवशी सातचे लेक्चर टळत नाही, त्या दिवशी दुपारनंतर क्लास लावू नये. आणि रविवारी मूल उशिरापर्यंत झोपले तर त्याला लगेच आळशी म्हणू नये. आठवडाभराची थकबाकी ते फेडत असते, तीही पुरती फिटत नाही.