लसूण आहे, पाणी आहे, माणसे नाहीत

दक्षिण कोरियात 'गुन' म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा कारभाराचा भाग. उत्तर ग्योंगसांग प्रांतातला उइसंग हा त्यातलाच एक. क्षेत्रफळ सुमारे १,१७५ चौरस किलोमीटर. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला नाकदोंग नदीच्या बाजूला आंग्ये भागातली भाताची सपाट जमीन.

मधला गमसंगसान हा विझलेला ज्वालामुखी. त्याच्या पायथ्याची जमीन आणि कडाक्याची थंडी यावर इथला तिखट, टिकाऊ लसूण पोसला. ऑक्टोबरात लावायचा, जूनमध्ये काढायचा आणि लगेच त्याच वावरात भात. खरी कसरत या जूनमध्येच. पाऊस त्या देशाच्या मानाने कमी, म्हणून जुन्या लोकांनी डोंगरउतारावर एकाखाली एक तळी बांधली. तळ्याच्या उतरत्या बाजूला वर-खाली भोके, त्यांना लाकडी बुचे. वरचे बूच आधी काढायचे, म्हणजे उन्हाने तापलेले वरचे पाणी रोपाला मिळते, तळातले गार नाही. किती साधी युक्ती! २०१८ साली कोरिया सरकारने या पद्धतीला राष्ट्रीय कृषी वारशाचा दर्जा दिला. त्याच वर्षी हिवाळी ऑलिंपिकमध्ये इथल्या मुलींनी कर्लिंगचे रौप्यपदक आणले, तेव्हा जगाने त्यांना 'लसणाच्या पोरी' म्हटले.

नाव झाले, पण गाव रिकामे झाले. १९६०च्या दशकात उइसंगची लोकसंख्या दोन लाखांवर होती. आज ती पन्नास हजारांच्या आसपास आहे आणि त्यात पासष्टीपुढची माणसे चाळीस टक्क्यांहून जास्त. तरणी पोरे देगू, गुमीच्या कारखान्यांत आणि सोलला गेली, ती परतली नाहीत.

रिकाम्या गावाचा फायदा घेणारेही निघतात. दानमिल भागात एका प्रक्रिया केंद्रावर परवान्यापेक्षा कितीतरी जास्त कचरा साठत गेला. २०१९ मध्ये जगभर बोभाटा झाला. शेवटी दोन लाख टनांच्या घरात गेलेला तो ढीग २०२१ मध्ये सरकारी पैशाने उपसला.

त्याहून भयंकर २२ मार्च २०२५ची आग. पूर्वजांच्या कबरीपाशी पेटवलेल्या विस्तवातून ती लागली, असा तपासाचा ठपका. सोसाट्याचा वारा आणि तेलकट पाइनची झाडे; तीन-चार दिवसांत ती समुद्रकाठच्या यंगदकपर्यंत पोचली. इ.स. ६८१ मध्ये स्थापन झालेल्या गोउनसा मठाच्या बहुतेक इमारती जळाल्या. या वणव्यात मेलेल्यांत म्हातारी माणसेच जास्त. गावात तरुण हात असते तर निदान त्यांना वेळेत बाहेर काढता आले असते.

सरकार हातावर हात ठेवून बसलेले नाही. आंग्येत तरुणांना घरे, पॉलिहाऊसमधल्या स्ट्रॉबेरीचे प्रशिक्षण अशी योजना २०१९ पासून चालू झाली. चांगली आहे, पण स्ट्रॉबेरीवाला पोरगा जूनमध्ये लसूण उपटायला येत नाही. हंगामी मजुरांसाठी कोरियन गावे आता व्हिएतनाम, लाओस, फिलिपिन्सकडे पाहतात. लसूण असा निघेलही. पण कुठल्या तळ्याचे कुठले बूच कधी काढायचे, हे हंगामापुरत्या आलेल्या माणसाला कोण शिकवणार?