खाजनातली वाट : चोडण आणि दिवाडी

सहलीचा विषय निघाला की घरात दोनच नावे पुढे येतात : गड नाही तर समुद्र. गडावर दादीचे गुडघे साथ देत नाहीत, आणि समुद्रावरच्या गर्दीत मुलांचा हात सोडता येत नाही. शेवटी मोठी माणसे गाडीत बसून राहतात आणि बाकीचे घाईघाईने फिरून येतात. सगळ्या घराने एकत्र चालावे अशी जागा हवी असेल तर या महिन्यात आम्ही चढ नसलेली वाट सुचवतो. गोव्यात मांडवी नदीत चोडण आणि दिवाडी अशी दोन बेटे आहेत. पणजी जवळ, तरी गावे जुनी आणि शांत. बेटांच्या कडेची बहुतेक जमीन ताटासारखी सपाट आहे. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खारफुटी, मधून रस्ता.

चोडणला जायला रायबंदरहून फेरीबोट मिळते. पणजीहून रायबंदरला येताना जो लांब, सरळ रस्ता लागतो तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये दलदलीवर बांधलेला पूल आहे. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा. त्याच्या कडेला मिठागरे दिसतात. तिथे गाड्यांची वर्दळ असते, म्हणून तो वाहनातूनच पाहावा आणि चालणे बेटावर उतरल्यावर सुरू करावे.

चोडणच्या धक्क्यावर उतरल्याबरोबर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. १७८ हेक्टरांचे हे अभयारण्य १९८८ मध्ये जाहीर झाले. आत खारफुटीतून पायवाट जाते. चिखलात वर आलेली श्वासमुळे, एक नांगी मोठी असलेले लहान खेकडे, चिखलावर उड्या मारणारे मासे, काठावर टपून बसलेला खंड्या, हे सगळे मुलांना हाताच्या अंतरावर पाहता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात स्थलांतर करून आलेले पक्षीही असतात. भरतीच्या वेळी पायवाटेवर पाणी येते, म्हणून निघण्यापूर्वी धक्क्यावर भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी.

सलीम अली कोण, हे मुलांना तिथेच सांगावे. १८९६ मध्ये मुंबईत जन्म. आई-वडील लहानपणीच वारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. लहानपणी एक वेगळीच चिमणी त्यांच्या हाती लागली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, असे त्यांनी विचारले तेव्हा मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथून सुरू झालेला शोध १९८७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालू राहिला. १९३० मध्ये नोकरी हातात नसताना ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरण पक्षी घरटे कसे विणतो ते रोज बसून पाहिले. त्या निरीक्षणाने त्यांचे नाव झाले. मुलाच्या प्रश्नाला "गप्प बस" म्हणायचे की त्याला उत्तर मिळेल अशा ठिकाणी न्यायचे, हा निर्णय घरातली मोठी माणसे करत असतात. त्या मामांनी तो एकदा बरोबर केला.

दिवाडीसाठी जुने गोवे गाठावे. धक्क्याजवळ आदिलशाही वाड्याच्या दाराची दगडी चौकट अजून उभी आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी हे शहर आदिलशाहीकडून घेतले, पुढे ते त्यांची राजधानी झाले. नंतर रोगराईने ओस पडले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला मिळाला. दाराचा तेवढा दगड राहिला आहे. पाच मिनिटे थांबून पाहावा आणि फेरीबोट धरावी.

दिवाडीला आजही पूल नाही. म्हणूनच बेटावर चालता येते. धक्क्यापासून पिएदाद गावाकडे जाणारा रस्ता शेतांमधून जातो. संथ चालीने अर्ध्या-पाऊण तासाचा. गावात मोठ्या ओसरीची, नळीच्या कौलांची जुनी घरे आहेत. टेकडीवरच्या चर्चपर्यंत तेवढा चढ आहे. दादीला नको असेल तर खाली सावलीत बसावे. वर दफनभूमीतल्या छोट्या प्रार्थनाघरात कदंबकाळातल्या देवळाचे कोरीव दगड शिल्लक आहेत. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थानही याच बेटावर होते. पोर्तुगीजांच्या काळात देव नदीपलीकडे नार्वे गावी गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. एवढ्याशा बेटावर इतक्या राजवटी येऊन गेल्या. प्रत्येकीने आधीचे काही मोडले. पण एक गोष्ट कोणीच मोडली नाही, कारण ती मोडली असती तर सगळेच उपाशी राहिले असते. ती म्हणजे खाजनाचा बांध.

आपण ज्या सपाट शेतांमधून चालतो ती मुळात खाडीची जमीन. भरतीचे खारे पाणी अडवून ती माणसांनी मिळवली. हिलाच गोव्यात खाजन म्हणतात. सहाव्या शतकातल्या ताम्रपटात खाजन जमिनीचा उल्लेख येतो. बांध चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचा. बाहेरच्या अंगाला खारफुटी ठेवायची, म्हणजे लाटेचा मार तिच्यावर पडतो. बांधात जागोजागी लाकडी दारे असतात, त्यांना मानस म्हणतात. दारे नदीच्या बाजूला उघडतात. भरती आली की पाण्याच्या दाबानेच ती मिटतात, ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. ना यंत्र, ना वीज. पावसाळ्यात आत कोरगुट भात होते. ते थोडा खारेपणा सोसते. मानसपाशी जाळे लावून मासे मिळतात. मुलांना मानसजवळ उभे करावे आणि विचारावे : दारे उलटी बसवली तर काय होईल? आम्ही वर्गात फळ्यावर आकृती काढून जे तासभर शिकवतो ते तिथे दहा मिनिटांत समजते.

बांध राखणे हे पूर्वी गावकरीचे, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेचे काम होते. १५२६ मध्ये पोर्तुगीजांनीही तिचे रिवाज लिहून घेतले आणि बऱ्याच अंशी तसेच ठेवले. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला. हे न्यायाचेच झाले. मात्र बांधाची जबाबदारी पुढे कुळांच्या संघांवर आली. एकेकाचा तुकडा लहान, तरुण मुले नोकरीला गेलेली. मानसच्या मासेमारीचा लिलाव होतो. ठेकेदाराला मासे जास्त हवे असले की तो खारे पाणी आत घेतो आणि भाताचे नुकसान होते. बांधाला एक भगदाड पडले आणि ते वेळेवर बुजवले नाही, तर शेतात खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे ती तोडून पुन्हा शेत करता येत नाही. चालताना कुठे पडीक शेत आणि शेजारीच हिरवे शेत दिसले तर मधला बांध नीट पाहावा. उत्तर बहुधा तिथेच असते.

हे फक्त गोव्याचे दुखणे नाही. रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांवर आपल्यापैकी कितीतरी घरांची गावे आहेत. तिथे याच जमिनीला खार म्हणतात आणि बांधातल्या दारांना उघाडी. मुंबईत, आखातात राहणाऱ्या किती घरांना आपली खारजमीन कुठे आहे, तिची उघाडी शाबूत आहे का, हे ठाऊक आहे? सातबाऱ्यावर दादांचे नाव आहे आणि शेतात भरतीचे पाणी आहे, अशी स्थिती असेल तर वाटणीवरून भांडण्यासारखे फार दिवस उरणार नाही. पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर मुलांना घेऊन एकदा बांधावरून चालून यावे. भावकीतल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावे. शिवेच्या खुणा आणि जुनी नावे त्यांनाच माहीत असतात.

आता तयारीचे. फजरची नमाज आटोपून लवकर निघावे, दहाच्या पुढे बांधावर सावली नाही. दुपारी विश्रांती घेऊन असरनंतर पुन्हा चालता येते. पाणी भरपूर घ्यावे. खाण्याचा डबा घरून न्यावा, कारण बेटांवर हॉटेले मोजकी आहेत. पायात बंद बूट असावेत. पावसाळ्यात बांध निसरडे असतात, तेव्हा डांबरी रस्ताच बरा. पाण्यात कोणी उतरू नये, जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. उभ्या भातात शिरू नये, आणि मानसच्या दारांना किंवा जाळ्याला हात लावू नये. ती कोणाची तरी रोजी आहे. दफनभूमीत आवाज खाली ठेवावा.

एका दिवसात दोन्ही बेटे करायचा हट्ट धरू नये. सकाळी एक बेट, तेही दादीच्या चालीने, पुरेसे आहे.