मार्गदर्शक वैद्याची मर्यादा

आपल्यापैकी अनेक वैद्य आज आहारविहाराचे मार्गदर्शक, प्रचलित भाषेत ‘कोच’, म्हणूनही काम करतात. पथ्योपदेश हा आयुर्वेदाचा गाभाच असल्याने हे स्वागतार्ह आहे. परंतु मधुमेहमुक्तीची हमी देऊन आगाऊ शुल्क घेणे हा उपदेश नव्हे, व्यापार होय. अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. असाध्य रोगाची चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असे चरकाचार्यांनीही बजावले आहे.

बालवयापासून इन्सुलिनवर असलेल्या एका तरुणाने ते बंद करून देण्याचा आग्रह आमच्याकडे धरला. आम्ही स्पष्ट नकार दिला; तो अन्यत्र गेला. त्याची चिंता आजही वाटते. साध्यासाध्यता पहिल्याच भेटीत, शुल्क घेण्यापूर्वी सांगावी, ही समस्त वैद्यबंधुभगिनींना आमची नम्र विनंती.