फाडफाड नको, नीट वाचता आले पाहिजे



ठाण्याचा घोडबंदर रोड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला नसेल, पण आपल्या गावची पोरे तेथे आहेत. माजिवडा, मानपाडा, कासारवडवली या पट्ट्यात पूर्वी भातशेती होती; आज तेथे उंच उंच इमारती आहेत. कापसाने आणि ज्वारीने घर चालेना म्हणून गेलेला पोरगा तेथल्या फाटकावर बारा बारा तास पहारा करतो. उरलेल्या वेळात फी भरून 'फाडफाड इंग्रजी'च्या क्लासला बसतो आणि 'गुड मॉर्निंग सर' शिकतो. पगारातून काय कापणार, कामावरून कधी काढणार, हे ज्या इंग्रजी कागदावर लिहिले होते आणि ज्यावर तो सही करून बसला, तो कागद मात्र त्याला कोणी वाचायला शिकवत नाही.

शाळेचेही तेच. महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होते, २००० साली ते पहिलीपासून आले. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे. 'रामा किल्ड रावणा' याचे 'रावणा वॉज किल्ड बाय रामा' केले की पोराला गुण मिळतो. पण यातले 'बाय रामा' गाळले तरी वाक्य शुद्धच राहते. रावण मारला गेला. कोणी मारला, पत्ता नाही! व्याकरणाची खरी गोम येथे आहे आणि तीच कोणी सांगत नाही. दावा फेटाळला गेला, रक्कम वळती केली गेली. कोणी? वाक्यात माणूसच नाही, मग जाब विचारायचा कोणाला? सरकारी मराठीनेही हीच खोड उचलली आहे: 'कळविण्यात येत आहे.' आपली कारभारीण 'भाकरी थापण्यात आलेली आहे' असे कधी म्हणते काय?

दुसरी गोम 'शॅल' आणि 'मे' यांची. कायद्याच्या भाषेत 'शॅल' म्हणजे बहुधा करणे भागच; 'मे' म्हणजे करता येईल, मर्जी. करारात आपल्या वाट्याला सगळे 'शॅल' आणि समोरच्याच्या वाट्याला सगळे 'मे' असतील, तर तो तराजू पासंगाचा समजावा.

तिसरी गोम 'अनलेस'ची. आपण अट आधी सांगतो: खबर दिली नाही, तर भरपाई नाही. इंग्रजीत ती बहुतेक वेळा वाक्याच्या शेपटीला येते. 'भरपाई मिळेल' एवढे वाचून माणूस खूश होतो आणि शेपूट राहून जाते. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची खबर आधी ४८ तासांत आणि २०१८ पासून ७२ तासांत देण्याची अट आली. अशी एक अट नजरेतून सुटली की हंगाम गेला.

काही पुढारी म्हणतात, इंग्रजी परकी, ती हवीच कशाला? त्यांची नातवंडे कोणत्या शाळेत जातात ते आधी विचारा. महाराष्ट्राचा राजभाषा कायदा १९६४ चा. तरीही घटनेच्या ३४८ व्या कलमामुळे सर्वोच्च न्यायालय आणि आपले मुंबई उच्च न्यायालय इंग्रजीतच चालते. तेथे आपल्या जमिनीचा निकाल लागतो. दुसरे म्हणतात, मराठी शाळाच सोडा. तेही खोटे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांना मराठीच्याच आधाराने इंग्रजी वाक्य उकलायला शिकवले. परकी भाषा परकी म्हणूनच, आपल्या भाषेच्या पायावर उभे राहून शिकायची असते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन मागण्या ठेवतो. विमा, कर्ज आणि नोकरीचा प्रत्येक कागद मराठीत मिळालाच पाहिजे, आणि वाद झाला तर तो मराठी कागदही ग्राह्य धरला पाहिजे. शाळेत आठवीपासून असेच खरे कागद व्याकरणासाठी वापरले पाहिजेत. आणि हे होईपर्यंत गावोगाव, पंधरा दिवसांतून एकदा, शिकलेल्या पोरापोरींनी एक इंग्रजी कागद पारावर वाचावा. करणारा कोण, भाग काय, मर्जी कोणाची, अट कोठे लपली आहे, हे चार प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारावेत.

बियाणे आपण मुठीत घेऊन पाहतो, मगच पेरतो. सहीचेही तसेच. वाक्य उकलले नाही, तोवर अंगठा नाही आणि सहीही नाही.